शिकवले कोणाला? : ‘एसओए वॉच’ या संस्थेची वाटचाल

‘स्कूल ऑफ द अमेरिकाज वॉच’ म्हणजेच एसओए वॉच ही संस्था १९९० साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, कोलंबस शहराला लागून असलेल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळाच्या फाटकाबाहेर सुरू झाली. तिच्या जन्माचे कारण मात्र वर्षभर आधी आणि दुसऱ्याच देशात घडले होते. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथील मध्य अमेरिकी विद्यापीठाच्या आवारात सैनिक शिरले. तेथे राहणारे सहा जेझुइट धर्मगुरू-प्राध्यापक, त्यांच्या घरचे काम पाहणाऱ्या एल्बा रामोस आणि एल्बाबाईंची किशोरवयीन मुलगी सेलिना अशा आठ जणांना त्यांनी ठार केले. मारेकरी अत्लाकात्ल बटालियनचे होते. ही तुकडी अमेरिकी प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झाली होती आणि त्या काळात अमेरिका एल साल्वादोरच्या सरकारला दिवसाला सरासरी दहा लाख डॉलरच्या घरात मदत देत होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मॅसॅच्युसेट्सचे सदस्य जो मोकली यांच्या नेतृत्वाखाली चौकशी गट नेमला. सामील सैनिकांपैकी काही जण फोर्ट बेनिंगमधील ‘स्कूल ऑफ द अमेरिकाज’ या लष्करी विद्यालयात शिकून गेले होते, हे त्या चौकशीतून उघड झाले. ज्या करदात्यांच्या पैशावर हे शिक्षण झाले, त्यांनी तोवर या विद्यालयाचे नावही फारसे ऐकलेले नव्हते.

या संस्थेबद्दल जे लिहिले गेले आहे, त्यात फाटकासमोरची गर्दी, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांवर भर असतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिची तीसहून अधिक वर्षे एका सलग ओळीत मांडली की दुसरीच गोष्ट ठळक होते. परदेशी सैनिक आणि पोलीस यांना शिकवणाऱ्या सरकारला जाब विचारता येतो तो शिकलेल्यांची नावे जाहीर असतील तेव्हाच. नावे खुली होती तोवर ही चळवळ सरकारला एकेक पाऊल मागे रेटू शकली आणि नावे झाकली गेल्यावर तिची सर्वांत मोठी ताकद गेली. म्हणून हा इतिहास प्रामुख्याने एका हजेरीपटाचा इतिहास आहे.

विद्यालय स्वतः जुने. १९४६ साली पनामा कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यात लॅटिन अमेरिकी सैनिकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र निघाले. १९६३ मध्ये त्याला ‘यूएस आर्मी स्कूल ऑफ द अमेरिकाज’ हे नाव मिळाले आणि शिकवण्याची भाषा स्पॅनिश ठरली. क्यूबातील क्रांतीनंतरचा तो काळ होता. बाहेरच्या शत्रूशी लढण्यापेक्षा देशातल्या ‘आतल्या शत्रू’चा बंदोबस्त हा विषय अभ्यासक्रमात वरचढ ठरला. हा आतला शत्रू म्हणजे कोण, याची व्याख्या इतकी सैल होती की तीत बंडखोराबरोबर कामगार संघटनेचा पुढारी, विद्यार्थी, धर्मशिक्षक आणि जमीन मागणारा शेतकरीही बसत असे. कालवा परत करण्याच्या १९७७ च्या करारामुळे १९८४ मध्ये विद्यालयाला पनामा सोडावे लागले आणि ते फोर्ट बेनिंगला आले. येथून शिकून गेलेल्यांत पनामाचा मानुएल नोरिएगा, अर्जेंटिनाचे रोबेर्तो व्हिओला आणि लिओपोल्दो गाल्तिएरी, बोलिव्हियाचा ऊगो बान्सेर, ग्वाटेमालाचा एफ्राइन रिओस मोंत हे सारे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत साठ हजारांहून अधिक सैनिक आणि अधिकारी या विद्यालयातून बाहेर पडले.

संस्थेचे संस्थापक फादर रॉय बुर्ज्वा हे मेरीनोल या कॅथलिक मिशनरी संघाचे धर्मगुरू. त्याआधी ते अमेरिकी नौदलात अधिकारी होते आणि व्हिएतनाममध्ये जखमीही झाले होते. धर्मदीक्षेनंतर ते बोलिव्हियात गरिबांच्या वस्तीत काम करू लागले. तेथे बान्सेरची हुकूमशाही होती. तिला विरोध केल्याबद्दल १९७७ मध्ये त्यांना अटक झाली आणि देशाबाहेर घालवण्यात आले. पुढे १९८० मध्ये एल साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चार अमेरिकी स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांपैकी मॉरा क्लार्क आणि इता फोर्ड या दोघी मेरीनोल संघाच्याच भगिनी होत्या. १९८३ मध्ये एल साल्वादोरचे शेकडो सैनिक फोर्ट बेनिंगमध्ये प्रशिक्षण घेत असताना बुर्ज्वा आणि त्यांचे दोन सहकारी लष्करी गणवेशात तळात शिरले. सैनिकांच्या निवासाजवळच्या झाडावर चढून त्यांनी रोमेरो यांचे अखेरचे प्रवचन ध्वनिमुद्रणावरून ऐकवले. सैनिकांनो, आपल्याच बांधवांना मारू नका, असे आवाहन रोमेरो यांनी त्या प्रवचनात केले होते. या कृत्यासाठी तिघांनाही तुरुंगवास झाला. १९९० मध्ये जेझुइटांच्या हत्येशी विद्यालयाचा संबंध उघड झाल्यावर बुर्ज्वा पुन्हा फोर्ट बेनिंगला आले, मोजक्या साथीदारांसह त्यांनी फाटकाशी उपोषण केले आणि जवळच एक लहानशी जागा भाड्याने घेऊन काम सुरू केले. संस्थेची भौतिक मालमत्ता एवढीच होती.

या आधीचा एक धडा संस्थेच्या कार्यकर्त्यांसमोर होता आणि तो पोलीस प्रशिक्षणाचा होता. अमेरिकेने १९६२ मध्ये परकीय मदत खात्याखाली ‘ऑफिस ऑफ पब्लिक सेफ्टी’ हे कार्यालय उघडले आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतील पोलिसांना शिकवायला घेतले. वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय पोलीस अकादमीही चालवली. उरुग्वेतील सल्लागार डॅन मिट्रिओन याला १९७० मध्ये तुपामारो बंडखोरांनी पळवून ठार केले. त्यानंतर, हे सल्लागार तेथे नेमके काय शिकवत होते, हा प्रश्न जगभर विचारला गेला. सिनेटर जेम्स अबुरेझ्क यांनी तो संसदेत लावून धरला आणि १९७३-७४ मध्ये संसदेने परदेशी पोलिसांना प्रशिक्षण देण्यावर बंदी घातली. हे कार्यालय बंद झाले, पण हिशेब झाला नाही. कोणत्या देशातला कोणता अधिकारी काय शिकून गेला आणि परत गेल्यावर त्याने काय केले, याची जुळणी सरकारने कधी केली नाही. बंदीला हळूहळू अपवाद जोडले गेले आणि १९८६ मध्ये न्याय खात्याच्या अखत्यारीत परदेशी पोलिसांना शिकवणारा नवा कार्यक्रम उभाही राहिला. नुसते कुलूप लावल्याने सरकार उत्तरदायी होत नाही, हे यातून दिसले. झालेल्या कामाची नोंद लोकांसमोर यावी लागते, नाहीतर तेच काम दुसऱ्या पाटीखाली सुरू राहते.

एसओए वॉचने नेमके हे ओळखले. माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करून तिने विद्यालयाच्या प्रशिक्षणार्थींची यादी मागितली आणि ती मिळाली. नाव, देश, हुद्दा, अभ्यासक्रम, वर्ष. कार्यालयात धूळ खात पडणाऱ्या कोरड्या नोंदी. त्यांना अर्थ आला तो १५ मार्च १९९३ रोजी. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने एल साल्वादोरमधील बारा वर्षांच्या यादवीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि अत्याचारांत ज्यांचा हात दिसला त्या अधिकाऱ्यांची नावे घेतली. कार्यकर्त्यांनी दोन याद्या शेजारी ठेवल्या. अहवालात नावे आलेल्या साठहून अधिक अधिकाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जण या एका विद्यालयाचे माजी विद्यार्थी निघाले. जेझुइटांच्या हत्येत सव्वीसपैकी एकोणीस. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते येथे शेकडो गावकऱ्यांची कत्तल झाली, त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. त्या प्रकरणी नाव आलेल्या बारापैकी दहा. चार स्त्रियांच्या हत्येत पाचपैकी तीन. रोमेरो यांच्या हत्येत तिघांपैकी दोघे, आणि त्यांतला एक म्हणजे त्या हत्येचा आदेश देणारा रोबेर्तो दोबुइसाँ.

या जुळणीचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. तोवर विद्यालयाविरुद्ध जे बोलले जाई ते पीडितांच्या साक्षीवर आधारलेले होते आणि साक्ष कितीही खरी असली तरी सत्ताधारी ती ‘डाव्यांचा प्रचार’ म्हणून झटकून टाकू शकत. येथे दोन्ही कागद अधिकृत होते. एक संयुक्त राष्ट्रांचा, दुसरा खुद्द अमेरिकी लष्कराचा. एसओए वॉचने स्वतःकडून एक अक्षरही घातले नव्हते. सत्याग्रहाला येणाऱ्यांची संख्या वाढली, वृत्तपत्रांनी विषय घेतला, आणि १९९३ पासून प्रतिनिधिगृहात जोसेफ केनेडी विद्यालयाचा निधी तोडण्याचा प्रस्ताव मांडू लागले. या सगळ्याच्या मुळाशी ती यादी होती. दरवर्षी नोव्हेंबरात फाटकासमोर मृतांची नावे एकेक करून उच्चारली जात आणि जमलेले लोक प्रत्येक नावाला ‘प्रेसेंते’, म्हणजे हजर, असे उत्तर देत. विद्यालयाच्या पटावर मारणाऱ्यांची नावे होती, म्हणून मारलेल्यांचीही हजेरी घेतली गेली. पुढे २००६ च्या सुमारास या सभेला वीस हजारांवर लोक येत. तळाची हद्द ओलांडल्याबद्दल शेकडो जणांनी शिक्षा भोगल्या, त्यांत वयोवृद्ध जोगिणीही होत्या.

नावांनंतर पाठ्यपुस्तके बाहेर आली. ग्वाटेमालातील अत्याचारांत अमेरिकी गुप्तचर खात्याचा हात होता का, याची चौकशी राष्ट्राध्यक्षांच्या गुप्तचर देखरेख मंडळाने केली. १९९६ च्या उन्हाळ्यात आलेल्या त्याच्या अहवालात विद्यालयातील काही आक्षेपार्ह पुस्तिकांचा उल्लेख होता. दबाव वाढल्यावर संरक्षण खात्याने २० सप्टेंबर १९९६ रोजी सात स्पॅनिश पुस्तिका जाहीर केल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९१ पर्यंत त्या विद्यालयात वापरल्या गेल्या होत्या आणि अनेक देशांच्या सैन्यांत वाटल्याही गेल्या होत्या. त्यांत शत्रूला मारल्याबद्दल बक्षीस देणे, खबऱ्याला वठणीवर आणण्यासाठी मारहाण, बेकायदा डांबून ठेवणे, ठार करणे असे मार्ग नोंदलेले होते. संरक्षण खात्याच्या अंतर्गत चौकशीत १९९२ मध्येच हे आढळले होते आणि पुस्तिका परत मागवण्याचा प्रयत्नही झाला होता. पण नागरिकांना त्याचा पत्ता चार वर्षे लागला नाही. कोणावर जबाबदारी निश्चित झाली नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. चुकून जुना मजकूर वापरला गेला, एवढेच स्पष्टीकरण देण्यात आले. सात पुस्तिका, हजाराहून अधिक पाने, कित्येक वर्षांचा वापर: याला चूक म्हणायचे असेल तर वर्गावर देखरेख कोणाचीच नव्हती, असेही कबूल करावे लागते.

३० जुलै १९९९ रोजी प्रतिनिधिगृहाने २३० विरुद्ध १९७ मतांनी विद्यालयाच्या निधीला कात्री लावली. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती तरतूद एका मताने गळाली. पण लष्कराला इशारा कळला होता. डिसेंबर २००० मध्ये विद्यालय बंद झाले आणि १७ जानेवारी २००१ रोजी त्याच तळावर ‘वेस्टर्न हेमिस्फियर इन्स्टिट्यूट फॉर सिक्युरिटी कोऑपरेशन’ या नावाने उघडले. कायद्याने आता प्रत्येक प्रशिक्षणार्थीला किमान आठ तास मानवाधिकार शिकवणे बंधनकारक झाले आणि बाहेरच्या सदस्यांचे देखरेख मंडळही आले. यात निव्वळ रंगसफेदी होती, असे मी म्हणणार नाही. लोकांच्या रेट्याने लष्करी विद्यालयाच्या अभ्यासक्रमात कायद्याने बदल व्हावा, ही लहान गोष्ट नाही. पण नव्या संस्थेने जुन्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी घेतली नाही. आपण वेगळे आहोत, असे म्हणून ती मोकळी झाली. नाव बदलल्याने मागचे येणे बुडाले.

येथे पहिला गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. साठ हजारांतले काही शे लोक गुन्हेगार निघाले म्हणून विद्यालय दोषी कसे? कोणत्याही मोठ्या विद्यापीठातून शिकलेल्यांत काही खुनी निघतील. शिवाय लॅटिन अमेरिकेतील सैन्यांना छळ करायला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, त्यांची स्वतःची परंपरा होती. या आक्षेपात तथ्य आहे आणि एसओए वॉचनेही कधीकधी ‘मारेकऱ्यांची शाळा’ ही घोषणा इतक्या जोरात दिली की शिकला म्हणजे शिकूनच गुन्हा केला, असा अर्थ निघू लागला. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने माणूस घडतो किंवा बिघडतो, हे सिद्ध करणे अवघड आहे. पण विद्यापीठाची तुलना लागू पडत नाही. विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याला बंदूक, तुकडी आणि गावावर सत्ता असलेल्या यंत्रणेत परत पाठवत नाही, आणि त्याचे शिक्षण परराष्ट्र धोरणाचा भाग म्हणून सरकारी खर्चाने होत नसते. शिवाय येथे प्रश्न फौजदारी दोषाचा नाही. सरकारने आपल्या पैशाने काय घडवले ते पाहावे आणि लोकांना सांगावे, एवढीच मागणी आहे. आणि या आक्षेपाचे उत्तर शोधायचे तरी कशातून? समाजशास्त्रज्ञ कॅथरीन मॅकॉय यांनी २००५ मध्ये हजारो माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकापेक्षा अधिक अभ्यासक्रम केलेल्यांवर अत्याचाराचे आरोप होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे त्यांना आढळले. त्या निष्कर्षाशी कोणी वाद घालू शकेल, आणि तो घालावा. पण विद्यालय निर्दोष आहे असे म्हणणाऱ्यालाही तेच सिद्ध करायला हीच यादी लागणार. जो सरकारी अधिकारी ‘आमचे बहुसंख्य विद्यार्थी चांगले निघाले’ असे सांगतो, त्याने तर ती आधी पुढे करायला हवी.

यादी नेमकी कशी उपयोगी पडते, याचे एक उदाहरण नव्या संस्थेच्याच काळातले आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये एल साल्वादोरमधील लास ओहास या सहकारी वसाहतीत आदिवासी शेतकऱ्यांची सैनिकांनी हत्या केली. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने पुढे त्या प्रकरणी ज्या अधिकाऱ्यांची नावे घेतली, त्यांतला एक जण २००३ मध्ये, कर्नल झाल्यावर, फोर्ट बेनिंगच्या नव्या संस्थेत अभ्यासक्रमासाठी आला होता. आयोगाचा अहवाल प्रकाशित होता, अधिकारी तोच होता, आणि तरीही सरकारच्या छाननीतून तो सुटला. पकडला तो नागरिकांनी, नावांची यादी वाचून.

त्यानंतर थोड्याच काळात नावे मिळणे थांबले. २००४ नंतरच्या तुकड्यांची यादी मागितल्यावर संरक्षण खात्याने नावे झाकून कागद दिले. प्रतिनिधी जिम मॅकगव्हर्न यांनी संसदेत प्रयत्न केले. निधी तोडण्याचा त्यांचा प्रस्ताव २००७ मध्ये २०३ विरुद्ध २१४ असा थोडक्यात पडला. नावे जाहीर करण्याची तरतूद पुढे कायद्यात आली, पण राष्ट्रहिताचे कारण देऊन ती बाजूला ठेवण्याची मुभाही संरक्षणमंत्र्यांना त्याच कायद्याने दिली. एसओए वॉचशी संबंधित दोन नागरिक न्यायालयात गेले. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायाधीश फिलिस हॅमिल्टन यांनी नावे द्यावीत असा निर्णय दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मतांनी उलटवला. प्रशिक्षणार्थींच्या खासगीपणाचा भंग होईल आणि त्यांच्या जिवाला धोका संभवतो, हे बहुमताला पटले.

हा दुसरा आक्षेप आणि तो सर्वांत वजनदार आहे. कोलंबिया किंवा मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांशी लढणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचे नाव अमेरिकी लष्कराने जाहीर केले आणि उद्या त्याच्या घरावर गोळीबार झाला, तर त्या पापाचे धनी कोण? मानवाधिकारांचा कैवार घेणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. पण १९४६ पासून २००४ पर्यंत साठ हजारांवर नावे जाहीर झाली होती, त्यांत यादवीच्या ऐन भरातले अधिकारीही होते, आणि त्या प्रसिद्धीमुळे कोणाला इजा झाल्याचे एकही उदाहरण सरकारने न्यायालयापुढे ठेवले नाही. अनेक देशांची सैन्ये तर अशा अभ्यासक्रमांसाठी अधिकारी पाठवल्याचे स्वतःच छायाचित्रांसह छापतात. धोका खरा असेल तेथे तो त्या व्यक्तीपुरता दाखवून नाव झाकता येते. किंवा सरसकट पाच-सात वर्षांनी यादी जाहीर करता येते, म्हणजे अधिकारी त्या कामगिरीवरून हललेला असतो आणि त्याने काय केले हे दिसू लागलेले असते. असे अनेक मध्यम मार्ग उपलब्ध असताना कायमची आणि सर्वांची गुप्तता निवडली गेली. तिने तरुण अधिकाऱ्याचे संरक्षण होते तसेच लास ओहासच्या कर्नलचेही होते, आणि दोघांत फरक करण्याचे साधन नागरिकांच्या हातून जाते.

तिसरे उत्तर सरकारकडून हमखास येते: आता लेही कायदा आहे. सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने १९९७ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार मानवाधिकारांचे घोर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती असलेल्या परदेशी तुकडीला अमेरिकी मदत देता येत नाही, आणि प्रशिक्षणासाठी येणाऱ्याची आधी छाननी होते. हा कायदा मोलाचा आहे. तो या चळवळीच्या वातावरणातच आला आणि दुसऱ्या फार थोड्या देशांत असे काही आहे. पण त्याची नजर प्रवेशद्वारावर आहे. आत येण्यापूर्वी माणूस कसा होता हे तो विचारतो. शिकून गेल्यावर त्याचे काय झाले हे विचारण्याचे बंधन त्यात नाही. संसदेला दरवर्षी सादर होणाऱ्या परदेशी लष्करी प्रशिक्षण अहवालातही देश, अभ्यासक्रम, संख्या आणि खर्च असतो, माणूस नसतो. होंडुरासमध्ये २८ जून २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष मानुएल सेलाया यांना झोपेतून उठवून देशाबाहेर काढण्यात आले. तेव्हाचे लष्करप्रमुख रोमेओ वास्केस हे फोर्ट बेनिंगच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी होते, हे एसओए वॉचने तत्काळ सांगितले. जुनी यादी हाती होती म्हणूनच ते शक्य झाले. सॅव्हेज आणि कॅव्हर्ली या अभ्यासकांनी २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून अमेरिकी लष्करी प्रशिक्षण आणि लष्करी उठाव यांच्यात संबंध दिसत असल्याचे दाखवले. असा अभ्यास सरकारने स्वतः नियमितपणे करायला हवा होता.

आम्ही शिकवले नाही तर चीन आणि रशिया शिकवतील, हा युक्तिवाद वॉशिंग्टनमध्ये सतत केला जातो. त्याला फार जागा देण्याचे कारण नाही. तो शिकवावे की नाही याबद्दल आहे, शिकवल्याचा हिशेब द्यावा की नाही याबद्दल नाही. उलट, आपले प्रशिक्षण दुसऱ्यांपेक्षा सभ्य आहे असा ज्याचा दावा आहे, त्याला हिशेब उघडा ठेवण्याचे भय असू नये. लॅटिन अमेरिकेतील काही देशांनी तर हा प्रश्न आपल्या बाजूने सोडवला. व्हेनेझुएलाने २००४ मध्ये, पुढे अर्जेंटिना, उरुग्वे, बोलिव्हिया आणि २०१२ मध्ये इक्वादोरने आपले सैनिक पाठवणे थांबवले. एसओए वॉचचे प्रतिनिधी त्या देशांच्या नेत्यांना जाऊन भेटत होते.

मराठी वाचकाने हा इतिहास परक्या देशाचा म्हणून वाचू नये. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मित्रदेशांचे छात्र आपल्या मुलांबरोबर शिकतात. डेहराडून आणि तमिळनाडूतील वेलिंग्टन येथेही परदेशी अधिकारी येतात. १४ मे १९८७ रोजी फिजीत लष्करी उठाव करून भारतीय वंशीयांचा मोठा पाठिंबा असलेले सरकार उलथवणारे सितिवेनी राबुका वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकून गेले होते. १९८२ मध्ये बांगलादेशात सत्ता हाती घेणारे हुसेन मोहम्मद इर्शाद दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजचे. तालिबानचे नेते शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत होते. या संस्थांना फोर्ट बेनिंगच्या पंक्तीला बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तसा कोणताही पुरावा नाही आणि तेथील अध्यापनाची प्रतिष्ठा रास्त आहे. पण असा माणूस सत्तेवर आला की त्याच्या परिचयात ‘भारतात प्रशिक्षण’ अशी ओळ छापून येते आणि तेव्हाच ती आपल्याला कळते. माहितीचा अधिकार कायदा या देशाला मिळण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. त्याच कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या कलमात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बदल करून, व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती खुली करण्याची त्या कलमातली अट काढून टाकली. कायद्यात अन्यत्र सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद उरली आहे, हे खरे. पण खासगीपणाचे कारण पुढे करून सरकारी नोंदीतले नाव झाकणे कोणत्या टोकाला जाते, हे पाहायला फोर्ट बेनिंगच्या खटल्याइतके चांगले उदाहरण नाही.

आता एसओए वॉचच्या अलीकडच्या काळाबद्दल थोडक्यात. २०१० मध्ये तिचे आणि बुर्ज्वा यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले गेले. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळावी या मताला चिकटून राहिल्याबद्दल २०१२ मध्ये बुर्ज्वा यांना मेरीनोल संघातून काढण्यात आले. २०१६ पासून नोव्हेंबरची सभा फोर्ट बेनिंगहून हलली आणि अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या नोगालेस येथे भरू लागली. ज्या हिंसेला हे प्रशिक्षण कारण झाले तिच्यापासून पळणारे लोक त्या कुंपणापाशी अडवले जात होते, म्हणून हा बदल समजण्यासारखा आहे. तरी माझ्या मते त्यात काही निसटले. सीमेचा प्रश्न उचलणाऱ्या संघटना अनेक आहेत. प्रशिक्षणार्थींच्या नावांचा पाठपुरावा करणारी ही एकच होती. अपील न्यायालयाच्या निकालाची आणि या स्थलांतराची वेळ जवळजवळ एकच असावी, हा योगायोग असला तरी त्याचा परिणाम योगायोगाचा नाही.

न्यायालयात हरलेली ती मागणी संसदेत पुन्हा नेता येते, आणि ती फार मोठी नाही. ठरावीक वर्षांनी यादी आपोआप जाहीर व्हावी, नाव झाकायचे असेल तेथे लेखी कारण द्यावे आणि संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ती यादी दरवर्षी सत्यशोधन आयोगांच्या व न्यायालयांच्या नोंदींशी ताडून पाहावी. जे काम भाड्याच्या लहानशा जागेत बसून काही कार्यकर्त्यांनी केले, ते एका सरकारी कार्यालयाला जड नाही. २००५ साली कॅप्टन म्हणून फोर्ट बेनिंगला शिकून गेलेले अधिकारी आज त्यांच्या देशांत कर्नल आणि जनरल होण्याच्या वयात आहेत, आणि त्यांची नावे अजून बंद कागदांत आहेत.